मदरबोर्ड बदलला, डेबियन तेच राहिले : नागपुरातील एका घरगुती सर्व्हरचे प्रकरण

नागपुरात प्रतापनगर भागात राहणाऱ्या माझ्या मामाजींच्या घरी २०१५ पासून एक छोटा सर्व्हर चालू आहे. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेचे हिशेब, सातबाऱ्याच्या आणि फेरफारांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो त्याच्यावर असतात. घरातील संगणक व मोबाइल सांबा या फाइली वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत ते वापरतात आणि संध्याकाळी दूरचित्रवाणी संचावर जेलीफिन, म्हणजे साठवलेल्या चित्रफिती दाखवणारे सॉफ्टवेअर, लागते. यंत्र म्हणजे एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, इंटेल कोअर आय३-२१०० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, प्रणालीसाठी १२० जीबीची साटा एसएसडी आणि विदेसाठी, म्हणजे डेटासाठी, सॉफ्टवेअर रेड-१ मध्ये (दोन्हींवर एकच प्रत ठेवणाऱ्या संचात) जोडलेल्या दोन हार्ड डिस्क. त्यावर मीच २०१५ मध्ये डेबियन ८ ही लिनक्स कार्यप्रणाली बसवली होती आणि पुढे एकेक पायरी चढवत ९, १०, ११ व शेवटी १२ पर्यंत आणली होती. पुनःस्थापना एकदाही झाली नव्हती.

२०२४ च्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, यंत्र दिवसातून दोन-तीनदा गोठू लागले. ते ज्या खोलीत होते तिथेच खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावलेला होता आणि नागपूरच्या उन्हाळ्यात खोली थंड ठेवण्याचा तो रास्त उपाय असला, तरी कूलरची ओलसर हवा वर्षानुवर्षे झेलणाऱ्या विद्युतजोडांचे काय होते, याचा विचार कोणीच केलेला नव्हता. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी जोड काळवंडले होते. खोडरबराने ते पुसल्यावर आठवडाभर बरे चालले. मग मेमटेस्ट या रॅमच्या चाचणीत पुन्हा चुका दिसू लागल्या, आणि पट्ट्या बदलूनही त्याच खाचेत चुका येत राहिल्या, तेव्हा दोष मदरबोर्डातच आहे हे स्पष्ट झाले. प्रोसेसरजवळचा एक कपॅसिटरही फुगलेला होता. बारा वर्षे जुन्या बोर्डावर आणखी पैसा घालण्यात अर्थ नव्हता.

नवे यंत्र ठरवताना मामाजींच्या दोन अटी होत्या. वीज कमी लागावी आणि आवाज नसावा. सीताबर्डीतील एका दुकानातून इंटेल एन१०० प्रोसेसर जोडलेलाच असलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड व १६ जीबी डीडीआर४ रॅम आणली. आय३-२१०० चा उष्मा-अंक (टीडीपी, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी गृहीत धरायची उष्णता) ६५ वॉट होता, एन१०० चा ६ वॉट आहे. हा अंक म्हणजे भिंतीतून ओढली जाणारी वीज नव्हे, हे मी मामाजींना दोनदा सांगितले आणि त्यांनी दोन्ही वेळा ऐकून न ऐकल्यासारखे केले. पंख्याविना चालणारा बोर्ड ४५ अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या गावात तसाच ठेवणे मला पटले नाही, म्हणून पेटीत १२० मिलिमीटरचा एक संथ पंखा लावला.

मात्र या बोर्डावर साटाचे जोड दोनच होते आणि ते दोन्ही हार्ड डिस्कना लागणार होते. म्हणजे जुनी एसएसडी उचलून नव्या बोर्डाला लावणे शक्य नव्हते. प्रणाली एनव्हीएमई एसएसडीवर, म्हणजे साटाऐवजी बोर्डावरच्या वेगळ्या खाचेत बसणाऱ्या एसएसडीवर, हलवणे भाग होते. शिवाय जुनी स्थापना यंत्र सुरू करण्याच्या पारंपरिक बायोस पद्धतीने, एमबीआर या जुन्या विभाजन-रचनेच्या डिस्कवर झालेली होती आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीनेच सुरू होत होता. अशा वेळी बहुतेक जण नव्याने स्थापना करा असे सांगतात.

पुनःस्थापना का टाळली

तो सल्ला चुकीचा नाही. ज्याने आपल्या सर्व्हरची प्रत्येक मांडणी लिहून ठेवली आहे, त्याने खुशाल नव्याने स्थापना करावी, दोन तासांत काम होईल. इथे नऊ वर्षांत पाच जणांची सांबा खाती, त्यांचे संकेतशब्द, रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉनच्या आज्ञावली, यूपीएसची मांडणी आणि फायरवॉलचे नियम साचलेले होते, आणि त्यांची नोंद त्या डिस्कखेरीज कुठेही नव्हती. एसएसएच (दुरून सुरक्षित जोडणी करण्याची सोय) सर्व्हरच्या ओळखकिल्ल्या आणि यंत्राचा ओळख-क्रमांकही डिस्कवरच असतात. ते जसेच्या तसे गेले की घरातल्या एकाही संगणकाला सर्व्हर बदलल्याचे कळत नाही.

लिनक्समध्ये हे जमते, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. डेबियनसारख्या वितरणांचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एखाद्या ठराविक यंत्रासाठी बांधलेले नसते. शेकडो साधनांचे ड्रायव्हर मॉड्यूलच्या रूपाने डिस्कवर आधीच असतात आणि प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना कर्नल व यूडेव्ह ही साधने ओळखणारी सेवा मिळून समोर कोणती साधने आहेत ते पाहून हवी ती मॉड्यूल चढवतात. त्यामुळे एका इंटेल बोर्डावरून दुसऱ्यावर, किंवा इंटेलवरून एएमडीवर जाणे हे सुद्धा त्या प्रणालीच्या दृष्टीने रोजच्यासारखेच एक बूट असते. प्रोसेसरचे कुळ मात्र तेच हवे. एआरएमवर चालणाऱ्या रास्पबेरी पायमध्ये ही डिस्क चालणार नाही.

तरीही प्रणालीचा थोडा भाग असा असतो, की जो जुन्या बोर्डाशी बांधलेला राहतो. काही भाग तर डिस्कवर नसतोच, तो बोर्डाच्या स्मृतीत असतो. आमचे सगळे काम हा भाग शोधण्याचे होते आणि त्यातील एक गाठ आमच्या नजरेतून निसटली.

जुने यंत्र जिवंत असताना

जूनच्या एका रविवारी काम हाती घेतले. पाऊस सुरू झाला होता. मामाजींनी पहिलाच प्रश्न विचारला, "अरे, मधातच लाईन गेली तर?" यूपीएस होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधीची थोडी तयारी सोडली तर मूळ एसएसडीवर काहीही लिहायचे नाही, फक्त तिची नक्कल करायची, असे ठरवले होते. प्रणाली हलवणे आणि प्रणालीची नक्कल करणे यांत फरक आहे. नक्कल फसली तरी मूळ प्रत हातात राहते.

पहिल्यांदा मी जुन्या यंत्रावर काही गोष्टी तपासल्या. कोणते विभाजन कुठे जोडायचे हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत विभाजनांची नोंद यूयूआयडीने, म्हणजे त्यांच्या एकमेव ओळख-क्रमांकाने, आहे की 'एसडीए१' सारख्या नावाने, हे पाहिले. ती यूयूआयडीने होती, फक्त हार्ड डिस्कची जोडी 'एमडी०' या नावाने नोंदलेली होती. ती सुद्धा यूयूआयडीने केली, कारण रेड संच सांभाळणाऱ्या एमडी-अॅडमला आपली मांडणी-फाइल सुरुवातीला सापडली नाही, तर तोच संच 'एमडी१२७' या नावाने उभा राहतो. दोन्ही डिस्कचा स्मार्ट (प्रकृतीचा) अहवाल आणि संचाची स्थिती पाहिली, दोन्ही डिस्क कार्यरत असल्याची खात्री केली. पॅकेजे कुठून घ्यायची त्या स्रोत-यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग नव्हता. डेबियन १२ पासून फर्मवेअरची पॅकेजे या वेगळ्या विभागात गेली आणि ११ वरून चढलेल्या यंत्रांवर तो हाताने जोडावा लागतो. तो जोडून रिअलटेकच्या नेटवर्क चिपचे आणि इंटेलच्या ग्राफिक्सचे फर्मवेअर आधीच बसवून ठेवले. नव्या बोर्डावर नेटवर्क चालले नाही तर नेटवर्कचे फर्मवेअर उतरवून घेणार कुठून?

त्यानंतर सर्वात उपयोगी ठरलेला शोध घेतला. मांडणी-फाइलींच्या 'ईटीसी' डिरेक्टरीत 'ईटीएच०' हे नेटवर्क कार्डाचे नाव कुठेकुठे आहे, ते ग्रेप या शोध-आज्ञेने शोधले. आजकालच्या डेबियनमध्ये नेटवर्क कार्डाचे नाव बोर्डावरील त्याच्या जागेवरून पडते, उदाहरणार्थ 'ईएनपी३एस०'. पण डेबियन ८ वरून चढत आलेल्या या यंत्रात जुन्या यूडेव्हने लिहिलेली नियमांची फाइल अजून होती आणि ती जुन्या कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाला) 'ईटीएच०' हे नाव देत होती. डेबियन १० च्या प्रकाशन-टिपणातच या यंत्रणेला आता अधिकृत आधार नसल्याचे म्हटले होते. ती निव्वळ चालत राहिली होती. नव्या बोर्डाचा मॅक पत्ता वेगळा, म्हणजे हे नाव त्याला मिळणारच नव्हते, आणि स्थिर आयपी पत्ता, फायरवॉलचा नियम व सांबाची 'फक्त याच जोडावर ऐक' ही ओळ, या तिन्ही ठिकाणी तेच नाव लिहिलेले होते. या तीन जागा कागदावर टिपल्या.

शेवटी इनिट्रॅमएफएसची मांडणी-फाइल उघडली. यंत्र सुरू होताना मूळ (रूट) फाइल सिस्टिम, म्हणजे जिच्यावर प्रणाली असते ती, जोडली जाईपर्यंत कर्नलला जी छोटी तात्पुरती प्रणाली लागते, तिच्यात कोणती मॉड्यूल भरायची हे इथे ठरते. 'मोस्ट' असेल तर बहुतेक सर्व डिस्क-नियंत्रकांचे ड्रायव्हर भरले जातात, 'डेप' असेल तर फक्त चालू यंत्राला लागणारे. तिथे 'मोस्ट' लिहिलेले होते. मी समाधानाने ती फाइल बंद केली.

नक्कल

यंत्र डेबियनच्या लाइव्ह यूएसबीवरून सुरू केले, म्हणजे मूळ प्रणाली झोपलेली असताना तिची नक्कल होईल आणि एकही डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत पकडला जाणार नाही. नवी एनव्हीएमई एसएसडी यूएसबी पेटीत घालून जोडली. तिच्यावर जीपीटी या नव्या पद्धतीची विभाजने केली : ५१२ एमबीचे ईएफआय विभाजन, एक स्वॅप, आणि उरलेल्या सगळ्या जागेत प्रणालीसाठी ईएक्सटी४ फाइल सिस्टिम. डीडी या आज्ञेने डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली असती, तर जुनी एमबीआर रचनाच पुढे आली असती आणि ती नंतर बदलावी लागली असती. आरसिंक या आज्ञेने फाइली उतरवल्या. परवानग्या, एसीएल, विस्तारित गुणधर्म आणि हार्ड लिंक टिकवणारे पर्याय त्याला आठवणीने द्यावे लागतात.

नवी विभाजने म्हणजे नवे यूयूआयडी. ते एफएसटॅबमध्ये लिहिले आणि ईएफआय विभाजनाची ओळ वाढवली. मग नव्या प्रतीत चरूट करून (म्हणजे तिच्यातच शिरून आज्ञा देऊन) पारंपरिक बायोसचे ग्रब, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर, काढले आणि यूईएफआयचे बसवले. जुने यंत्र पारंपरिक पद्धतीने सुरू झालेले असल्यामुळे तिथून बूटची नोंद बोर्डाच्या स्मृतीत लिहिता येत नव्हती. तसेही ती नोंद जुन्या बोर्डात लिहून उपयोग नव्हता, कारण ती बोर्डाबरोबरच राहते, डिस्कबरोबर येत नाही. म्हणून ग्रबला काढता येण्याजोग्या माध्यमाप्रमाणे बसवण्याचा पर्याय दिला. त्यामुळे बूटलोडर ईएफआय विभाजनातल्या 'बूटएक्स६४' या ठरलेल्या नावाच्या फाइलीत जातो आणि स्वतःच्या स्मृतीत एकही नोंद नसलेला कोरा बोर्ड तीच फाइल शोधतो. इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधले, यंत्र बंद केले.

पहिले बूट

नव्या बोर्डात एनव्हीएमई एसएसडी बसवली. दोन्ही हार्ड डिस्क मुद्दाम जोडल्या नाहीत. प्रणाली नीट उभी राहीपर्यंत विदेला तिच्या हाताखाली देण्याची घाई कशाला? ग्रबचा मेनू आला, कर्नल सुरू झाले, आणि काही वेळ थांबून मूळ फाइल सिस्टिमचे साधन सापडत नसल्याची तक्रार करून सगळे इनिट्रॅमएफएसच्या प्राथमिक शेलवर येऊन थांबले.

ग्रबला जी डिस्क दिसते ती कर्नलला कशी दिसत नाही, असा प्रश्न मामाजींनी विचारला आणि तो योग्यच होता. ग्रब डिस्क वाचते ते बोर्डाच्या यूईएफआय फर्मवेअरच्या मदतीने. कर्नल सुरू झाल्यावर ती मदत सुटते आणि कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. डेबियनमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर हे मॉड्यूल आहे आणि ते मॉड्यूल जिथे आहे ती डिस्क वाचण्यासाठी तेच मॉड्यूल हवे. हा पेच सोडवण्यासाठीच तर इनिट्रॅमएफएस असते.

लाइव्ह यूएसबीवरून सुरू करून इनिट्रॅमएफएसमधील फाइलींची यादी काढली. त्यात एनव्हीएमई नव्हते. मांडणी-फाइलीत 'मोस्ट' असताना हे कसे, याचा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. शेजारच्या 'कॉन्फ.डी' डिरेक्टरीत 'ड्रायव्हर-पॉलिसी' नावाची एक फाइल होती आणि तिच्यात 'डेप' लिहिलेले होते. डेबियनचा इन्स्टॉलर तज्ज्ञ पद्धतीने चालवला, तर तो सर्वसामान्य इनिट्रॅमएफएस हवे की फक्त या यंत्रापुरते, असे विचारतो, आणि दुसरे उत्तर दिले की ही फाइल तयार होते. मुख्य मांडणीवर तिची सरशी होते, हे तिच्यातल्या टिपणीतही लिहिलेले असते. २०१५ मध्ये ते उत्तर मीच दिले होते. जागा वाचावी म्हणून दिले असणार. नक्कल करताना इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधले खरे, पण तेव्हा नवी एसएसडी यूएसबी पेटीत होती, म्हणून प्रणालीने यूएसबीला लागणारे ड्रायव्हर प्रामाणिकपणे गोळा केले आणि एनव्हीएमईचा सोडून दिला. यादी काढून पाहण्याची आज्ञा एका ओळीची आहे. ती मी जुन्या यंत्रावर द्यायला हवी होती. मांडणी काय म्हणते हे वाचण्यापेक्षा प्रत्यक्ष काय बांधले गेले हे पाहणे केव्हाही बरे, आणि ते मी केले नाही.

ती फाइल काढून टाकली. लाइव्ह प्रणालीत नव्या नेटवर्क चिपचा मॅक पत्ता दिसतच होता, म्हणून त्याच बैठकीत यूडेव्हची जुनी नियम-फाइल हटवून सिस्टिमडीची लिंक-फाइल लिहिली आणि त्या मॅक पत्त्याला 'लॅन०' हे नाव दिले. 'ईटीएच०' हेच नाव पुन्हा देण्याचा मोह होतो, पण कर्नल स्वतःही तीच नावे वाटत असते आणि दोघांची टक्कर होऊ शकते. कागदावर टिपलेल्या तिन्ही जागा बदलल्या. अशा लिंक-फाइली इनिट्रॅमएफएसमध्येही जातात, त्यामुळे इनिट्रॅमएफएस सर्व कर्नलसाठी शेवटी एकदाच बांधले. या वेळी यादी पाहिली.

दुसऱ्या खेपेला प्रणाली उभी राहिली, पण मध्ये अर्ध्या मिनिटाच्या आसपास अडखळली. कारण किरकोळ होते : इनिट्रॅमएफएसच्या मांडणीत 'रिझ्यूम' नावाच्या फाइलीत जुन्या स्वॅप विभाजनाचा यूयूआयडी होता आणि प्रणाली अस्तित्वात नसलेल्या विभाजनाची वाट पाहत होती. तो बदलला. नेहमीच्या संगणकावरून एसएसएचने जोडणी केली तेव्हा ओळख बदलल्याची कोणतीही सूचना आली नाही.

मग यंत्र बंद करून हार्ड डिस्क जोडल्या. कोणती डिस्क कोणत्या जोडाला लावायची याची काळजी करावी लागली नाही, कारण संचाची ओळख प्रत्येक डिस्कवरील सुपरब्लॉक नावाच्या नोंदीतच लिहिलेली असते. संच दोन्ही डिस्कसह उभा राहिला आणि पुनर्समन्वयाची गरजही पडली नाही. परतीच्या वाटेबद्दल मात्र सांगायला हवे. जुनी एसएसडी जुन्या बोर्डासह तयार होती, पण जेलीफिनचा डेटाबेस प्रणालीच्या डिस्कवर आणि चित्रफिती संचावर, अशी विभागणी असल्याने, नव्या यंत्रावर काम सुरू झाल्यानंतर मागे फिरले असते तर डेटाबेस शिळा आणि फाइली ताज्या, अशी स्थिती झाली असती. म्हणून घरच्यांना सर्व्हर वापरू देण्याआधी रात्रभर तो फक्त आम्हीच तपासला.

राहिलेले धागे

पुढच्या दोन दिवसांत जे उरले होते ते हळूहळू वर आले. हार्ड डिस्क रिकाम्या असताना थांबवण्याची मांडणी 'एसडीबी' व 'एसडीसी' या नावांनी होती. जुन्या यंत्रात 'एसडीए' ही एसएसडी होती. आता एसएसडीचे नाव वेगळ्या पद्धतीचे झाल्याने हार्ड डिस्क 'एसडीए' आणि 'एसडीबी' झाल्या आणि एकच डिस्क झोपू लागली. ही नोंद डिस्कच्या अनुक्रमांकावर आधारलेल्या 'बाय-आयडी' नावांनी केली. पंख्याचा वेग सांभाळणारी फॅनकंट्रोल सेवा, मांडणी जुनी झाल्याचे सांगून सुरूच होईना. तिची फाइल जुन्या बोर्डाच्या संवेदक-चिपला धरून लिहिलेली होती. ती काढून पंख्याचे काम बोर्डाच्या फर्मवेअरकडेच सोपवले. नागपूरच्या मे महिन्यात पंखा कोण चालवतो यापेक्षा तो थांबत नाही ना, हे महत्त्वाचे. प्रोसेसरच्या मायक्रोकोडचे (अंतर्गत दुरुस्त्यांचे) पॅकेज इंटेलचेच असल्याने त्यात हात घालावा लागला नाही. यूपीएसची मांडणी यूएसबीवरून आपोआप शोधणारी होती, ती तशीच चालली.

नव्या बोर्डावर यूईएफआय पद्धतीने बूट झाल्यामुळे आता ग्रबची रीतसर नोंद त्याच्या स्मृतीत करता आली. त्याच वेळी ग्रबच्या पॅकेजची मांडणी पुन्हा चालवून 'बूटएक्स६४' ही प्रतही प्रत्येक अद्ययावतीकरणात बदलावी, असा पर्याय निवडला. तो न निवडल्यास ती फाइल आज आहे तशीच राहते, आणि कधी बोर्डाच्या फर्मवेअरचे अद्ययावतीकरण करताना स्मृतीतल्या नोंदी पुसल्या गेल्या, तर जुनाट बूटलोडर समोर येतो.

सर्व्हर आता कूलरच्या खोलीतून जिन्याखालच्या कपाटात हलवला आहे. जुनी एसएसडी तारीख लिहून दोन महिने बाजूला ठेवली होती. मधल्या काळात डेबियनने कर्नलचे सुरक्षा-अद्ययावतीकरण दिले. ते बसल्यावर नव्या इनिट्रॅमएफएसची यादी काढली, तिच्यात एनव्हीएमई होते. मग यंत्र पुन्हा सुरू केले, दोन मिनिटांत सांबाचे फोल्डर मामाजींच्या संगणकावर उघडले, आणि त्यानंतरच ती एसएसडी पुसून दुसऱ्या कामाला दिली.